काचेचं फूल आणि चुन्याची निवळी

रात्री अकराला टँकचे दिवे मालवले की मी अर्धा तास काहीच करत नाही. टाकीला अंधाराची सवय होऊ देतो. मग टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद बांधतो आणि काचेसमोर स्टूल ओढून बसतो. लाल उजेडाचं कारण साधं आहे. समुद्राचं पाणी लाल रंग वरच्या काही मीटरांतच गिळून टाकतं. खाली तो पोचतच नाही, म्हणून तिथे राहणाऱ्या बहुतेक जिवांचे डोळेही त्यासाठी घडलेले नाहीत. पांढरा झोत टाकला की सगळे क्षणात भोकांत शिरतात. लाल झोतात मात्र ज्याचं त्याचं काम चालू राहतं आणि आपल्याला ते बघायला मिळतं.

त्या रात्री प्रवाळाच्या बुंध्याशी, दगडाच्या कपारीत, एक नवं फूल दिसलं. करंगळीच्या नखाएवढं. देठ धुरकट काचेच्या नळीसारखा, आरपार दिसणारा. वर तीस-चाळीस तपकिरी भुजा, टोकाला सुईसारख्या निमुळत्या, पाण्याबरोबर संथ हलणाऱ्या. माझी मुलगी शेजारी उकिडवी बसली होती. तिनं विचारलं, "बाबा, हे आपण कधी आणलं?"

आपण ते आणलंच नव्हतं. ते आलं होतं.

मी मालवणात वाढलो. सुकतीला खडक उघडे पडले की डबक्यांत बोट घालून समुद्रफुलं मिटवायची, हा आमचा रोजचा खेळ. आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे आणि तळघरात सव्वादोनशे लिटरचा एक समुद्र सांभाळतो आहे. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, २५-२६ अंश तापमान, वर निळसर प्रखर दिवे, पाणी सतत ढवळणारे पंप, आणि या सगळ्याच्या भरवशावर जगणारी प्रवाळं. या छंदाला रीफ टँक म्हणतात. भारतात दगडी प्रवाळ समुद्रातून काढणं किंवा विकणं गुन्हा आहे. २००१पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. मला ते मनापासून पटतं. मालवणचं प्रवाळ बघायचं तर पाण्यात उतरूनच बघावं. माझ्याकडची प्रवाळं कुणाच्या तरी टँकमधल्या फांदीचे तुकडे आहेत. गुलाबाची काडी लावावी तसा बोटभर तुकडा कापतात, सिमेंटच्या चकतीवर चिकटवतात आणि तो वाढत जातो.

पण चकतीवर फक्त प्रवाळ कधीच येत नाही. तिच्या खालच्या खाचेत, चिकटवलेल्या गोंदाच्या कडेला, दगडाच्या सुईएवढ्या भोकात आणखी कुणी ना कुणी असतंच. समुद्रात या प्रत्येकाला खाणारा कुणीतरी असतो आणि त्या खाणाऱ्यालाही खाणारा असतो. माझ्या टाकीत सात मासे, थोड्या गोगलगायी आणि दोन कोळंब्या आहेत. ज्याचा भक्षक या यादीत नाही, त्याला रान मोकळं. समुद्रात जो जीव शोधूनही सापडत नाही, तो टाकीत आला की वर्षभरात दगड न दगड व्यापतो.

काचेच्या फुलाचं, म्हणजे या समुद्रफुलाचं, नाव एप्टेशिया. शास्त्रीय नाव एक्झेप्टेशिया डायफाना. डायफाना म्हणजे पारदर्शक. मी पहिल्यांदा जे केलं ते जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. चिमटा आत घातला आणि ओढलं. स्पर्श होताच ते इतकं आखडलं की भोकात नुसता तपकिरी ठिपका उरला. मी दगड खरवडला, जे हाती आलं ते काढून टाकलं आणि समाधानानं झोपलो. तीन आठवड्यांनी त्याच जागी नऊ फुलं होती.

हे का होतं ते कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या नऊ फुलांकडे बघत बसलो होतो. एप्टेशिया आपल्या तळव्यावर उभं असतं आणि त्या तळव्यावरच अगदी सावकाश सरकतं. सरकताना तळव्याच्या कडेचा कण मागे राहतो. त्या कणात तोंड नसतं, भुजा नसतात, पोट नसतं. काही दिवसांत या सगळ्या गोष्टी त्यात उगवतात आणि आईची हुबेहूब नक्कल उभी राहते. खाणं न मिळताही ते होतं, साठवणीच्या जोरावर. मी खरवडून त्याचे तुकडे केले तेव्हा नेमकं तेच काम त्याला करून दिलं होतं, एका रात्रीत नऊ वेळा.

त्याला छेडलं की आणखी एक गोष्ट दिसते, पण त्यासाठी भिंग लागतं. देठावरच्या बारीक छिद्रांतून पांढरे धागे बाहेर येतात, सुताच्या गुंत्यासारखे. ते डंखांनी ठासून भरलेले असतात. डंख म्हणजे पेशीतली कुपी आणि कुपीत गुंडाळलेली पोकळ, विषारी सुई. समुद्रफूल, प्रवाळ, जेलीफिश, गोड्या पाण्यातला हायड्रा, हे सगळं एकच घराणं आणि हेच त्यांचं खानदानी हत्यार. हायड्राचा डंख कसा सुटतो हे जर्मन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपलं आणि २००६मध्ये प्रसिद्ध केलं. सुई सुटायला लागणारा वेळ होता ७०० नॅनोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही कमी. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींच्या वर. सजीवांच्या जगात याहून वेगानं हलणारं काही सापडणं कठीण. आणि हे सगळं कपारीत डोलणाऱ्या, नखाएवढ्या फुलाच्या अंगात. शेजारच्या प्रवाळाला तो डंख रोज बसतो, प्रवाळ आपले देह मिटून घेतं, मिटलेलं प्रवाळ प्रकाश घेत नाही, आणि हळूहळू त्या बाजूनं मरत येतं.

चिमटा बाद झाला. मग काय? इथे मला ती गोष्ट उमगली जिच्यामुळे मी हा छंद आजवर सोडला नाही. कीड मारण्याचा उपाय बाटलीत नसतो. तो त्या जिवाच्या जगण्यातच कुठेतरी असतो. ते काय खातं, कशानं मिटतं, अंडी कुठे घालतं, एवढं नीट बघितलं की नेमकी फट दिसते.

एप्टेशियाची फट म्हणजे त्याचं तोंड. शरीराला दार एकच, आत जाणारं आणि बाहेर येणारं सगळं तिथूनच. अन्नाचा कण भुजेला लागला की ते कण तोंडात ओढून मिटतं. त्या क्षणी कणाऐवजी दुसरं काही दिलं तर तेही आत घेऊन मिटतं. ते दुसरं काही म्हणजे चुना.

रीफ टँकवाल्यांच्या भाषेत याला काल्कवासर म्हणतात. शब्द जर्मन आहे: काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी. पीटर विल्केन्स यांनी तो या छंदात रूढ केला. टाकीतलं पाणी रोज वाफ होऊन उडतं. त्याची भरपाई नुसत्या पाण्यानं करण्याऐवजी चुन्याच्या निवळीनं करायची. त्यातून प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम मिळतं. एकदा व्हिडिओ कॉलवर आईनं माझ्या हातातली बाटली बघितली, तळाशी पांढरा साका, वर नितळ पाणी. ती म्हणाली, "अरे, ही तर चुन्याची निवळी! ल्हानपणी तुका चमच्यान पाजलंय मी." खरंच तीच. शाळेत नळीनं फुंकर मारून दुधाळ करायचो तीही तीच.

समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास असतो, संपृक्त निवळीचा साडेबाराच्या जवळ. थेंबाथेंबानं प्रवाळ पोसणारा हाच चुना घट्ट लापशीसारखा कालवून दिला तर मऊ मांस जाळून टाकतो. मी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात कालवतो, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरतो, डोळ्यांवर चष्मा चढवतो आणि पंप बंद करतो. पाणी स्थिर झालं की फूल पुन्हा पूर्ण उमलायची वाट बघायची. घाईत काम बिघडतं ते इथेच. सुई देठाला लागू न देता वरून तोंडाच्या मधोमध लापशीचा थेंब सोडायचा. भुजा आत वळतात, थेंब कवेत घेतात, मिटतात आणि त्यानंतर उघडत नाहीत. अर्ध्या तासानं पांढरा अवशेष नळीनं ओढून घ्यायचा. एका संध्याकाळी चार-पाचच. जास्त केले तर सगळ्या टाकीचा पीएच चढतो आणि माशांना धाप लागते.

पाच-दहा फुलांना हे ठीक. शंभरांना पुरत नाही, कारण दगडाच्या पाठीमागे सुई पोचत नाही. तिथे दुसरा जीवच पाठवावा लागतो. पेपरमिंट नावाची लाल रेघांची कोळंबी बारकी एप्टेशिया खाते, पण प्रत्येक कोळंबीची गोडी वेगळी. काही खातात, काही माशांच्या खाण्यावरच पोट भरतात. लांब चोचीचा कॉपरबँड मासा दिसायला फार सुरेख, पण टाकीत रुळायला नाजूक, आणि आणलेल्यांपैकी पुष्कळ उपाशी मरतात. केवळ किडीसाठी तो आणू नये असं माझं मत आहे.

ज्या जिवानं मला खरोखर थक्क केलं तो म्हणजे बर्घिया. ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय, फ्लोरिडातली. २००५मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं, बर्घिया स्टेफनीए हे तिचं आजचं नाव. फार तर दोनेक सेंटिमीटर लांब. अंग दुधी, डोक्यावर केशरी छटा, आणि पाठीवर दाट राखाडी बोटं, जणू कुणी गवताची पेंढी ठेवलीय. ती आयुष्यभर एप्टेशियाशिवाय काही खात नाही. शेवाळ नाही, प्रवाळ नाही, माशांच्या खाण्यातला कणही नाही. ते नसेल तर ती उपाशी मरते.

मी दहा बर्घिया मागवल्या. नखाहून लहान, पाण्याच्या पिशवीत धुळीच्या कणांसारख्या. दिवे मालवल्यावर ड्रॉपरनं त्यांना एप्टेशियाच्या वसाहतीजवळ सोडलं आणि पुढचे पंधरा दिवस एकही दिसली नाही. सोळाव्या रात्री लाल उजेडात एक सापडली. ती एप्टेशियाच्या देठाला तळाकडून भिडली होती. फूल आखडलं, पांढरे धागे बाहेर आले, गोगलगाईच्या अंगावर पसरले. ती हलली नाही. पाठीवरची बोटं ताठ करून पुढे केली, अंगावरच्या बुळबुळीत थरानं डंख सोसले आणि देठ कुरतडत राहिली. वीस मिनिटांनी तिच्या पाठीवरची बोटं तपकिरी झाली होती. फुलाच्या अंगातला रंग तिच्या अंगात वाहताना आम्ही दोघं बघत होतो.

त्या बोटांत पोटाच्या शाखा जातात. न सुटलेले डंख पचवले जात नाहीत. ते अखंड पोटातून वर जातात आणि प्रत्येक बोटाच्या टोकाशी खास पिशव्यांत साठवले जातात. पुढे तिला कुणी मासा चावायला आला तर हेच डंख त्याच्या तोंडात सुटतात. दुसऱ्याच्या पेशींनी घडवलेलं हत्यार, अंगात घेऊन, जिवंत कामाचं ठेवून, स्वतःच्या बचावाला वापरायचं. समुद्राखेरीज हे कुठे बघायला मिळणार?

चौथ्या आठवड्यात काचेवर पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी दिसली, जिलेबीच्या वेढ्यासारखी. ती अंडी. बर्घिया उभयलिंगी असते, त्यामुळे कुठल्याही दोन भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. एका गुंडाळीत शेकडो. तीन महिन्यांत दगडांमागची, पंपाच्या जाळीतली, नळीतली एप्टेशिया संपली.

मात्र ज्या एप्टेशियाच्या नावानं टँकवाले बोटं मोडतात, त्याला प्रयोगशाळांत जपून वाढवतात. प्रवाळ जगतं ते अंगातल्या सूक्ष्म शैवालाच्या बळावर. शैवाल प्रकाशातून साखर बनवतं, प्रवाळ त्याला घर देतं. पाणी तापलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरंफटक होतं आणि बहुधा मरतं. हे कसं घडतं ते पेशीच्या पातळीवर बघायचं, तर प्रवाळ हा अवघड विषय. त्याचा दगडी सांगाडा सूक्ष्मदर्शकाच्या आड येतो, वाढ मंद असते, आणि शैवाल गेलं की ते फार काळ तग धरत नाही. एप्टेशियाच्या अंगातही त्याच कुळातलं शैवाल असतं, त्याचा तपकिरी रंग तोच. त्याला सांगाडा नाही. शैवाल काढून टाकलं तरी आयतं खाणं दिलं की पांढरं होऊन वर्षानुवर्षं जगतं, आणि पुन्हा शैवाल दिलं की तपकिरी होतं. स्टॅनफर्डपासून सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठापर्यंत अनेक प्रयोगशाळा त्याच्यावर काम करतात. सीसी-७ नावाचा त्यांचा वाण एकाच प्राण्यापासून निघालेला. ज्या गुणामुळे माझ्या एका फुलाची नऊ झाली, त्याच गुणामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांना एकसारखे हजारो नमुने मिळतात. २०१५मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. समुद्रातली प्रवाळं तापत्या पाण्यात वाचवायची कशी, याची काही उत्तरं या किडीतून येताहेत.

मुलीनं हे ऐकलं आणि शेवटच्या काही फुलांतलं एक मागून घेतलं. त्याची गोष्ट पुढे.

सगळ्या किडी अशा नजरेला येत नाहीत. ॲक्रोपोरा या फांदीदार प्रवाळावर एक चपटा कृमी राहतो. तो तुमच्या डोळ्यांसमोर असतो आणि तुम्हाला दिसत नाही. कागदासारखा पातळ, लांबी सेंटिमीटरभर. तो प्रवाळाचं मांस खातो, आणि त्यातलं तपकिरी शैवाल त्याच्या फांद्या फुटलेल्या आतड्यांत पसरून राहतं. ज्या प्रवाळावर बसला त्याचाच रंग आतून ल्यालेला. मला आधी दिसल्या त्या त्याच्या खुणा. फांदीवर गोल, फिकट चट्टे, पेन्सिलच्या टोकाएवढे, एकाला लागून एक. मग रबरी फुग्याच्या पिचकारीनं त्या फांदीवर जोरात पाणी मारलं आणि प्रवाळाचा एक कपचा सुटून पाण्यात गिरक्या घ्यायला लागला. तो कपचा पोहत होता.

या कृमीची कथा विलक्षण आहे. त्याचा छळ सोसणाऱ्यांनी त्याला आधी ओळखलं, शास्त्रानं नाव दिलं २०११मध्ये, आणि खुल्या समुद्रात तो पहिल्यांदा सापडल्याची नोंद त्यानंतरची, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझर्ड बेटाजवळ. घराघरांतल्या टाक्यांत जो थैमान घालत होता, तो त्याच्या मूळ घरी कुणाला दिसलाच नव्हता, बहुधा तिथे त्याला खाणारे पुरेसे असल्यामुळे. माँटिपोरा प्रवाळ खाणाऱ्या एका पांढऱ्या गोगलगाईचंही तसंच. टँकवाले तिला वर्षानुवर्षं शिव्या देत होते, नाव मिळालं २०२०मध्ये.

चपट्या कृमीवर उपाय म्हणजे अंघोळ. प्रवाळाचा तुकडा बाहेर काढून आयोडीनच्या किंवा त्यासाठी मिळणाऱ्या औषधाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवायचा, पिचकारी मारत राहायचं, आणि पांढऱ्या वाडग्याच्या तळाशी कृमी गळून पडताना मोजायचे. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताएवढ्या तुकड्यातून एकतीस पडले. पण अंडी मरत नाहीत. ती प्रवाळाच्या उघड्या पडलेल्या बुंध्याशी सोनेरी-तपकिरी ठिपक्यांच्या थराथरांनी चिकटलेली असतात आणि कवच औषधाला दाद देत नाही. म्हणून दर आठवड्याला अंघोळ, सलग सहा-सात आठवडे. अंड्यातून निघालेला कृमी स्वतः अंडी घालायच्या आत गाठायचा. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठातल्या प्रयोगांत सहा रेघांचा छोटा रॅस मासा हे कृमी झपाट्यानं खातो असं दिसलं, पण अंड्यांना तो शिवत नाही. अंडी एका पेपरमिंट कोळंबीनं खाल्ली. दोघं मिळून काम होतं.

नवीन तुकडा आला की मी तो आता थेट टाकीत सोडत नाही. तो आधी वेगळ्या छोट्या टाकीत दीड-दोन महिने राहतो. चकती तर फोडून फेकूनच देतो. हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळ्यात उपयोगाचाही.

आणखी एका किडीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिनं मला थेट गावाला नेलं. दगडातून सुईसारख्या टणक नळ्या वर आलेल्या दिसल्या, वाकड्यातिकड्या, तुटक्या पेनाच्या रिफिलसारख्या. एका सकाळी माशांना खाणं टाकल्यावर पंप लगेच सुरू केला नाही, आणि त्या नळ्यांच्या तोंडांतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू बाहेर येताना दिसले. तंतू एकमेकांत मिसळले, प्रवाळावर पातळ पडदा झाला. खाण्याचे कण त्यात अडकले. दहा-बारा मिनिटांनी पडदा हळूहळू नळीत परत ओढला जायला लागला, माशासकट जाळं खाऊन टाकावं तसा. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना मी लहानपणी दोराला हात लावला आहे. इथे शंखातला जीव एका जागी चिकटून, लाळेची रापण टाकत होता. व्हर्मेटिड म्हणतात त्यांना. ही गोगलगायच, फक्त शंखाचा वेढा सोडून नुसती नळी वाढवणारी आणि एकदा चिकटली की जन्मभर न हलणारी.

त्या पडद्याखाली प्रवाळ घुसमटतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरिया बेटावरच्या २०१०च्या अभ्यासात, व्हर्मेटिडच्या सहवासात काही प्रवाळांच्या सांगाड्याच्या वाढीत ८१ टक्क्यांपर्यंत घट आढळली, आणि जगण्याच्या प्रमाणात ५२ टक्क्यांपर्यंत. उपाय मात्र अगदी साधा. नळीच्या तोंडावर सुपरग्लूच्या जेलचा थेंब. पाण्याखालीही तो घट्ट बसतो, आणि ज्याचं सगळं जगणं एका दारातून चालतं त्याचं दार बंद होतं. खाणं कमी टाकलं की नव्या नळ्याही कमी उगवतात.

फ्लोरिडात की वेस्टजवळ २००९मध्ये व्हॅनडेनबर्ग नावाचं जुनं जहाज मुद्दाम बुडवलं गेलं, माशांना आसरा म्हणून. काही वर्षांनी त्यावर व्हर्मेटिडची एक अनोळखी जात दाट वाढलेली सापडली. २०१७मध्ये तिला जहाजाच्या नावावरून नाव दिलं. ती मूळची तिथली नसावी, दूरच्या समुद्रातून आली असावी असं शास्त्रज्ञांना वाटतं. घरच्या टाकीत जे होतं तेच मोठ्या पाण्यात होतं. मोनॅकोत १९८४मध्ये समुद्र-संग्रहालयाच्या पायथ्याशी कॉलर्पा शेवाळाचा छोटासा पट्टा दिसला, मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवलेल्या वाणाचा. पुढे तो भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरला. तेच शेवाळ २०००मध्ये कॅलिफोर्नियाच्या खाडीत निघालं तेव्हा त्यावर ताडपत्र्या घालून क्लोरीन सोडावं लागलं आणि ते संपायला २००६ उजाडलं. माझ्या टाकीतून काढलेला प्रत्येक दगड, प्रत्येक शेवाळाचा पुंजका मी वाळवून, गोठवून मगच कचऱ्यात टाकतो. नाल्यात थेंब जाऊ देत नाही.

दगड उकळून निर्जंतुक करू नये, हेही इथेच सांगतो, कारण ते अनेकांना सुचतं. बटणासारखी रंगीत झोअँथिड प्रवाळं दगडांवर असतात आणि त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. १९७१मध्ये हवाईत ते वेगळं केलं गेलं. तिथल्या लोककथेत माउई बेटावरच्या एका डबक्यातलं 'शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावत, ते हेच. दगड उकळला तर वाफेबरोबर ते घरभर जातं. घरच्या घरी असे दगड उकळून किंवा गरम पाण्यानं घासून अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत.

आणि जे कीड नाही ते मारू नये. रात्री केसाळ, गुलाबी, शतपादासारखे किडे दगडांतून बाहेर येतात आणि नवखा माणूस हादरतो. ते बहुतेक नुसते सफाई कामगार असतात, उरलंसुरलं खाऊन पाणी स्वच्छ ठेवणारे. त्यांच्या केसांना बोट लावू नये, फायबर टोचल्यासारखं दोन दिवस झोंबतं, इतकंच. अपवाद असतात. इंग्लंडमध्ये न्यूक्वेच्या ब्लू रीफ मत्स्यालयात महिनोन्महिने कुणीतरी प्रवाळं फस्त करत होतं, मासे जखमी होत होते, आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. २००९मध्ये सगळी मांडणी उचकटली तेव्हा दगडांखालून चार फूट लांबीचा कृमी निघाला. तो कधीतरी, बोटाएवढा असताना, एखाद्या दगडातूनच आत आला असणार. तिथल्या लोकांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं आणि त्याला वेगळी टाकी दिली.

माझ्या टाकीतलं एप्टेशिया संपलं तसे बर्घियांचे उपासाचे दिवस सुरू झाले. लाल उजेडात त्या रिकाम्या दगडांवरून फिरताना दिसायच्या, पाठीवरची बोटं पुन्हा दुधी झालेली. मी सापडल्या तेवढ्या ड्रॉपरनं गोळा केल्या, सतरा मिळाल्या, आणि पिशवीत घालून अर्ध्या तासावर राहणाऱ्या एका गृहस्थांकडे नेल्या. त्यांच्या टाकीत एवढी एप्टेशिया होती की दगड तपकिरी दिसत होता. आता तिथून आणखी कुणाकडे जातील.

मुलीनं मागून घेतलेलं फूल एका काचेच्या बरणीत होतं. तिनं ती कपाटात, काळोखात ठेवली. दर दोन दिवसांनी बारीक कोळंबीचं पिल्लू खाऊ घालायचं, पाणी बदलायचं, तारीख लिहायची. सातव्या आठवड्यात भुजा जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या, मागे धरलेला कागद आरपार दिसत होता. मग तिनं बरणी खिडकीत ठेवली. न चुकता ती रोज शाळेतून आली की भिंग घेऊन बसायची. काल रात्री जेवताना तिनं सांगितलं की भुजांच्या बुडाशी, मोजून सात ठिकाणी, तपकिरी ठिपके आलेत.